फ्रेडी ऐकायचाय? या दोन अल्बमपासून सुरुवात करा

रॉक ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करायची कळत नाहीये? मग फ्रेडी मर्क्युरी ऐका. १९४६ मध्ये झांझिबारला पारशी घरात जन्मलेला हा फारुख बलसारा आपल्या पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकला. तिथल्याच शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. पुढे लंडनमध्ये ‘क्वीन’ उभा राहिला. आधी १९७५ चा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ लावा. त्यातलं ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळपास ६ मिनिटांचं. रेडिओसाठी फारच लांब, पण बँडने ते कापू दिलं नाही. मग १९९१ चा ‘इन्युएन्डो’ ऐका. एड्सने शरीर खचत असताना तो हे गायलाय. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, ४५ व्या वर्षी तो गेला. आता त्या आवाजात आजार शोधून दाखवा!