हरिभाऊंची यमू आणि आमची पात्रांची वही

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाविषयी चार शब्द लिहावे, अशी आज्ञा झाली. माझ्या मनात प्रथम नाव आले ते कै. हरि नारायण आपटे यांचे. कारण स्त्रीचे दुःख घरोघर ठाऊक होते, पण ते तिच्याच तोंडून सांगण्याचे काम मराठीत ज्यांनी केले त्यांत हरिभाऊंचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांना वाढविले. याच चुलत्यांनी पुण्यास १८८८ साली आनंदाश्रम ही संस्था स्थापिली व पुढे तिचा कारभार हरिभाऊंनी पाहिला. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकरांसारखे गुरू लाभले. पदवी काही पदरात पडली नाही. पण वाचन अफाट होते.

१८८५ साली ‘मधली स्थिति’ ही त्यांची कादंबरी क्रमशः येऊ लागली. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि मग लेखणीला उसंत म्हणून राहिली नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० ते ९३, ‘मी’ १८९३ ते ९५, ‘उषःकाल’ १८९५ ते ९७, अशा कादंबऱ्या एकीमागून एक प्रकरणाप्रकरणाने छापल्या गेल्या. एका हाताने यमूचे अश्रू लिहावे आणि दुसऱ्या हाताने शिवकालातील मावळे उभे करावे, असा हा संसार!

भगिनींनो, यातली अडचण ध्यानात घ्या. छापून गेलेले प्रकरण परत घेता येत नाही. यमू लहान मुलगी म्हणून गोष्टीत येते, सासरी जाते, नवऱ्याजवळ लिहावाचायला शिकते, आणि पुढे विधवा होऊन केशवपनाची विटंबना सोसते. तिची मैत्रीण दुर्गी आणि तो दुष्ट शंकरमामंजी, यांचे स्वभाव पहिल्या वर्षी जसे, तसेच तिसऱ्या वर्षी राहावे लागतात. एखाद्या ठिकाणी जरी यमू परकी वाटली असती, तरी वाचणारीचा विश्वास उडाला असता. आणि विश्वास उडाला की त्या केशवपनाचा जाबही कोणी विचारला नसता.

हे मी एवढ्यासाठी लिहिते की, आमच्या चुडाव्याच्या मंडळाच्या हस्तलिखितात मीही एक गोष्ट क्रमशः लिहीत असते. तिच्यासाठी मी एक वेगळी वही केली आहे. प्रत्येक पात्राला एक पान. वरती नाव, वय, माहेर, सासर. खाली कोण कोणाला काय म्हणते ते. सून सासूला आत्याबाई म्हणते, नणंदेला वन्सं. हे एकदा ठरले की ठरले. नंतर स्वभाव, अंगावरची खूण, मनात दडवलेली गोष्ट. शेवटी कोणत्या अंकात तिचे काय झाले, याची एकेक ओळ. सणवार व पीकपाण्याचे महिने मी निराळ्या पानावर मांडते, म्हणजे पूर्णेच्या जत्रेला निघालेली बाई भलत्याच ऋतूत परत येत नाही. नवे प्रकरण लिहिण्याआधी ही पाने वाचली, की माणसे पुन्हा जवळ येऊन बसतात.

हरिभाऊ १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या नगरपालिकेचे कामही त्यांनी केले. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावे वर्ष पुरे होण्यास पाच दिवस उरले असता, ते निवर्तले. काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

आपल्यापैकी पुष्कळजणींजवळ सांगण्याजोगी एखादी यमू आहे. तिच्यासाठी आज एक कोरे पान उघडावे, तिचे नाव व वय लिहावे, आणि पुढच्या अंकासाठी लेखणी हाती घ्यावी, एवढीच विनंती.