मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे पहिले चित्र

डॉ. एगास मोनिझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी पोर्तुगालमधील अवांका या गावी झाला. कोइंब्रा विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकून १९११ मध्ये ते लिस्बनला मज्जाविकारांचे प्राध्यापक झाले. राजकारणातही ते होते. खासदार, स्पेनमधील राजदूत आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री अशी पदे त्यांनी भूषवली. पुढे राजकारण सोडून ते पुन्हा वैद्यकाकडे वळले, तेव्हा पन्नाशी जवळ आली होती आणि गाउटने हातांचे सांधे वाकडे झाले होते.

त्या काळी क्ष-किरणांत कवटीचे हाड दिसे. आतल्या रक्तवाहिन्या दिसत नसत. क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य मानेतील धमनीत सोडले, तर मेंदूच्या वाहिन्यांचा नकाशा उमटेल, असे मोनिझ यांना वाटले. आधी प्राण्यांवर आणि मृतदेहांवर प्रयोग झाले. सुई धरणे त्यांना जमत नसल्याने ते काम सहकारी डॉ. आल्मेइदा लिमा करत. सुरुवातीला वापरलेल्या स्ट्राँशियम ब्रोमाइडनंतर एका रुग्णाचा मृत्यू झाला. मोनिझ यांनी ते द्रव्य बाजूला ठेवले आणि सोडियम आयोडाइड निवडले. अखेर २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या फोटोत स्पष्ट दिसल्या. हीच मेंदूची अँजिओग्राफी.

तिचे महत्त्व एका आजारावरून कळते. एरवी धमनीतले रक्त बारीक केशवाहिन्यांतून जाऊन, जोर ओसरल्यावर शिरेत पोचते. पण कधी मेंदूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली जाते. याला ड्युरल फिस्टुला म्हणतात. धमनीचा दाब शिरेला सोसत नाही. मग कानात नाडीच्या ठेक्यावर आवाज येतो, डोळा लाल होऊन पुढे येतो, डोके दुखते. काहींना मेंदूत रक्तस्राव होतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये हा जोड निसटू शकतो. तो नेमका कुठे आहे, रक्त कुठून येते आणि कुठे जाते, हे आजही अँजिओग्राफीच सर्वांत नीट सांगते.

आता उपचारही त्याच वाटेने होतात. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी मेंदूच्या आवरणापर्यंत नेतात आणि घट्ट होणारे द्रव्य किंवा धातूची वेटोळी सोडून तो जोड बंद करतात. काही रुग्णांना शस्त्रक्रिया किंवा नेमका किरणोपचार लागतो. कमी धोक्याच्या फिस्टुलावर कधी नुसते लक्ष ठेवतात.

मोनिझ यांच्या कामाला काळी बाजूही आहे. १९३१ पासून त्यांनी वापरलेले थोरोट्रास्ट हे द्रव्य किरणोत्सारी होते. ते यकृतात साचून राही आणि कित्येक वर्षांनी कर्करोग होई. १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, तेही अँजिओग्राफीसाठी नव्हे, तर मानसिक रुग्णांच्या मेंदूतील तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. तिने अनेकांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले आणि पुढे ती मागे पडली. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये मोनिझ यांचे निधन झाले.

नोबेल मिळवून देणारी शस्त्रक्रिया आज कोणी करत नाही. अँजिओग्राफी मात्र अधिक सुरक्षित द्रव्यांसह रोज होते. कानात नाडीबरोबर आवाज येत असेल, तर तो वयाचा परिणाम समजून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. असा फिस्टुला वेळीच सापडला, तर बहुतेकदा बंद करता येतो.