तणमोराचे पाठीराखे

डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपत. एकदा पिवळ्या गळ्याची चिमणी पडली. तिचे नाव विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले.

उज्जैनच्या नानाखेड्यात माझी मावशी राहते. तिकडे रतलामपलीकडे सैलान्याचे गवताळ माळ आहेत. पावसाळ्यात तणमोर तेथे जमिनीवरच अंडी घालतो. नर गवतावर उंच उड्या मारतो, म्हणून शिकाऱ्यांना आयता सापडे. उन्हाळ्यात गवत पेटले तरी त्याची अंडी वाचतात. बिचारा चित्तूर मात्र उन्हाळ्यातही जमिनीवर अंडी घालतो. यासाठीच जाळरेषा फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी उरकाव्यात, असे मला वाटते. डॉक्टरांच्या सूचनेवरून १९८३ मध्ये सैलान्याला तणमोराचे अभयारण्य झाले. तेव्हा त्यांनी वयाची ८५ वर्षे ओलांडली होती!