सुभेदारांचा भीम आणि अनियमित रूपे

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. लष्करी शाळेत शिक्षक असलेल्या सुभेदार रामजींनीच त्यांच्या इंग्रजीचा पाया घातला. परळच्या चाळीत पहाटे उठवून ते मुलास अभ्यासाला बसवीत. इंग्रजीत 'गो'चे 'वेंट' आणि 'चाइल्ड'चे 'चिल्ड्रन' होते. तेथे नियम पुरत नाही, पाठांतर लागते. मराठीतही 'जातो'चे 'गेला' होतेच. पण ते आईच्या तोंडून ऐकून आपसूक येते.

अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत नाकारले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी फारसी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. कोलंबिया व लंडन येथील प्रबंध त्यांनी इंग्रजीत लिहिले. पुढे संस्कृत स्वपरिश्रमाने आत्मसात केले, पालीचे व्याकरण व शब्दकोश सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा सोळावा खंड तो हाच.

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतील मुले अशा रूपांपाशी अडखळतात, तेव्हा उणीव बुद्धीची नसते; ती रूपे कानांवर पडलेली नसतात, एवढेच. सुभेदारांप्रमाणे ती रोज म्हणवून घेणे, हे आम्हां पालक-शिक्षकांचे कर्तव्य आहे.