वारा साठवणारा शिक्षक

१९०० साली महर्षी कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, माळावरील झोपडीत आणला. त्याच काळात डेन्मार्कमधील आस्कोव्ह गावची शाळा वाऱ्यावर उजळत होती. तेथील शिक्षक पाउल ला कूर (जन्म १८४६) मूळचे हवामानतज्ज्ञ. १८९१ मध्ये त्यांनी पवनचक्की उभारली. वारा लहरी, म्हणून गती सम राखणारे यंत्रही बनवले. विजेने पाण्याचे विघटन करून मिळालेला हायड्रोजन टाकीत साठवला आणि त्यावर दिवे लावले. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळून स्फोट झाले, खिडक्यांच्या काचा फुटल्या. पुढे त्यांनी बॅटऱ्या वापरल्या. १९०८ मध्ये ते वारले. आज सौरऊर्जेवरील घरांत बॅटरी रात्र भागवते, तर हायड्रोजन ढगाळ दिवसांसाठी राखता येतो. मात्र टाकीजवळ खेळती हवा आणि गळतीसूचक हवाच!