घटनाकारांचा पाया : बंधुता

२९ ऑगस्ट १९४७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेच्या मसुदा समितीचे सदस्य झाले आणि लगेच अध्यक्षपदी निवडले गेले. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. मात्र सामाजिक विषमता टिकल्यास लोकशाही कोसळेल, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. १९५१ मध्ये त्यांनी दिल्लीत पहाडगंजनजीक आंबेडकर भवनाची पायाभरणी केली; त्याच वर्षी हिंदू संहिता विधेयक रखडल्याने मंत्रिपद सोडले. १९५४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता या तत्त्वांचे मूळ फ्रेंच राज्यक्रांतीत नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीत असल्याचे स्पष्ट केले. केवळ कायद्याने समता राखली जाईल याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून बंधुतेला त्यांनी सर्वोच्च स्थान दिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.