शिंप्याचा मुलगा : जोसेफ फूरिए

फ्रान्समधील ओसेर या गावी २१ मार्च १७६८ रोजी एका शिंप्याच्या घरी जोसेफ फूरिए यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास ते पोरके झाले. बेनेडिक्टाइन संन्याशांच्या लष्करी शाळेत त्यांना आश्रय मिळाला आणि तेथेच गणिताची गोडी लागली. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे जमवून ते रात्री अभ्यास करीत, असे त्यांचे चरित्रकार आरागो यांनी नमूद केले आहे. तोफखान्यात अधिकारी होण्याचा त्यांचा अर्ज मात्र सरदारकुळात जन्म नसल्यामुळे फेटाळला गेला, हेही आरागोच सांगतात. पुढे ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले. क्रांतीच्या धामधुमीत त्यांना तुरुंगवासही घडला.

१८०२ पासून ग्रनोबल येथे प्रशासक असताना, कारभार सांभाळून त्यांनी उष्णतेच्या वहनाचा अभ्यास केला. १८०७ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. कितीही वेडावाकडा आलेख साध्या, नियमित लहरींच्या बेरजेने मांडता येतो, हा त्याचा गाभा होता. लाग्रांज यांच्यासारख्या ज्येष्ठ गणितज्ञांना तो पटला नाही. १८१२ मध्ये पारितोषिक मिळाले, पण सिद्धता काटेकोर नसल्याचा शेराही मिळाला. तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता; हे तत्त्व कोणत्या अटींवर खरे ठरते, हे १८२९ मध्ये डिरिक्ले यांनी दाखविले. फूरिए मात्र खचले नाहीत. १८२२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ मे १८३० रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

तत्त्व सिद्ध झाले, तरी आकडेमोड अवाढव्य होती. १०२४ नोंदींतील लहरी सरळ रीतीने वेगळ्या करण्यास सुमारे साडेदहा लाख गुणाकार लागतात. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी नोंदींचे सम आणि विषम असे पुनःपुन्हा दोन भाग करीत हे काम दहा हजारांच्या आसपास आणले. तशीच युक्ती गाउस यांच्या १८०५ च्या सुमाराच्या अप्रकाशित टिपणांतही आढळते. या जलद रीतीमुळे हवामान, भूकंपलहरी आणि ध्वनी यांची गणिती प्रारूपे संगणकावर हाताळणे बरेच सोपे झाले.

ज्या राजवटीने जन्म पाहून दार लावले, ती फूरिएंच्या तारुण्यातच कोसळली. त्यांचे गणित मात्र आजही रोज कामी येते. वसतिगृहाच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे चरित्र ध्यानी ठेवावे.